मॅक अँड चीजमध्ये लॅक्टोज नेमकं कुठे असतं?

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, विशेषतः कृष्णवर्णीय कुटुंबांत, थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "मॅक अँड चीज कोणी केलंय?" उत्तर कळल्यावरच किती वाढून घ्यायचं ते ठरतं. ओव्हनमध्ये भाजलेलं, वरून खरपूस आणि आत अंड्यादुधात घट्ट झालेलं हे मॅकरोनी आणि चीज म्हणजे तिथल्या सणाच्या जेवणातला मानाचा पदार्थ. त्याच्या सोबतीला चीज घातलेल्या ग्रिट्स (मक्याच्या कण्या), बिस्किटांवर (तिकडची बिस्किटं म्हणजे मऊ पावासारखी) ओतलेली पांढरी ग्रेव्ही, पिमेंटो चीजची सँडविचं, पिवळ्या स्क्वॉशचं (भोपळ्याच्या जातीच्या भाजीचं) ओव्हनमध्ये भाजलेलं कॅसरोल. या सगळ्याला तिकडे कम्फर्ट फूड म्हणतात. ज्याला दूध पचत नाही, त्याची मात्र ते खाऊन पुढचे काही तास चांगलीच परीक्षा होते.

अटलांटा, शार्लट, रॅली, डॅलस, ह्यूस्टन या शहरांत आता मराठी घरं पुष्कळ आहेत. ऑफिसातलं पॉटलक, शेजाऱ्यांकडचं जेवण, मुलांच्या शाळेतला कार्यक्रम, कुठे ना कुठे हे पदार्थ समोर येतातच. आणि "मला चीज चालत नाही हो" म्हणत ताट पुढे सरकवणारेही भेटतात. माझ्या मते यात चीजवर अन्याय होतो. पदार्थातलं लॅक्टोज कुठून येतं याचा हिशेब मांडला, तर बहुतेक वेळा चीज जवळजवळ निर्दोष सुटतं. त्रास देतं ते चीजच्या आजूबाजूचं दूध, आटवलेल्या दुधाचा डबा, दूध पावडर आणि सूपचा डबा. म्हणून स्वयंपाकातली मुख्य युक्तीही सोपी आहे: चीज ठेवा, दूध बदला.

पोटात काय होतं

लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन साध्या साखरांची ती जोडी असते, आणि जोडी तुटल्याशिवाय ती आतड्यातून रक्तात जाऊ शकत नाही. हे तोडण्याचं काम लहान आतड्याच्या अस्तरावर असलेलं लॅक्टेज नावाचं विकर (एन्झाइम) करतं. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते भरपूर असतं. मूल मोठं होत जातं तसतसं ते बहुतेक माणसांत कमी होत जातं. जगातल्या प्रौढांपैकी साधारण दोन-तृतीयांश लोकांची हीच गत आहे. म्हणजे मोठेपणी दूध न पचणं हा आजार म्हणायचं कारण नाही. उलट वयाच्या चाळिशीतही ग्लासभर दूध सहज रिचवणारी माणसंच अपवाद म्हणायला हवीत. त्यांच्यातल्या एका जनुकीय बदलामुळे लॅक्टेज तयार होणं थांबतच नाही. हा बदल उत्तर युरोपात सर्रास आढळतो आणि भारतातही आढळतो, पण वायव्येकडे जास्त आणि पूर्व-दक्षिणेकडे कमी.

न तुटलेलं लॅक्टोज तसंच पुढे मोठ्या आतड्यात जातं. जाताना ते पाणी ओढून घेतं, म्हणून जुलाब होतात. तिथले जिवाणू ते आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेन असे वायू सोडतात. म्हणून पोट तट्ट फुगतं, गुडगुडतं, कळा येतात. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून दोनेक तासांत हे सुरू होतं. यातला थोडा हायड्रोजन रक्तातून फुफ्फुसांत येऊन श्वासावाटे बाहेर पडतो, आणि डॉक्टरांची श्वासाची चाचणी नेमकी तोच मोजते.

स्वयंपाकाच्या दृष्टीने सगळ्यात कामाची गोष्ट पुढे आहे. लॅक्टोज न पचणं हे दिव्याच्या बटणासारखं चालू किंवा बंद नसतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या समितीने २०१० मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून सांगितलं की लॅक्टोज न पचणाऱ्या बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज फारसा त्रास न होता चालतं. म्हणजे साधारण एक कप दूध. तेच इतर जेवणाबरोबर, हळूहळू पोटात गेलं तर आणखी सोपं जातं. काहींची मर्यादा याहून कमी असते, ती ज्याची त्याने ओळखावी. पण "चालतं की नाही" यापेक्षा "किती ग्रॅम" हा प्रश्न जास्त उपयोगी आहे.

एक इशारा इथेच देतो. दुधाची ॲलर्जी हा पूर्णपणे वेगळा प्रकार आहे. ती दुधातल्या प्रथिनांविरुद्ध शरीराने दिलेली प्रतिक्रिया असते आणि जिवावरही बेतू शकते. तशी ॲलर्जी असलेल्यांनी या लेखातलं काहीही करून पाहू नये; लॅक्टोज काढलेल्या दुधातही प्रथिनं तशीच असतात. आणि दूध बंद करूनही पोट बिघडत असेल, वजन उतरत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर स्वयंपाकघरात उत्तर शोधत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

चीज होताना साखर जाते कुठे

चेडर करताना दुधात विरजणाचे जिवाणू घालतात, मग रेनेट नावाचं विकर घालून दूध गोठवतात. दही कापून त्याचं पाणी काढून टाकतात. लॅक्टोज पाण्यात विरघळलेलं असल्यामुळे त्यातलं बहुतेक या पाण्याबरोबरच निघून जातं. जे थोडं मागे उरतं ते जिवाणू खातात आणि त्याचं लॅक्टिक आम्ल होतं. चीज मुरायला ठेवलं की काही आठवड्यांत उरलंसुरलंही संपतं. सहा महिने, वर्षभर मुरलेल्या चेडरमध्ये १०० ग्रॅममागे लॅक्टोज इतकं कमी असतं की ते मोजायलाच कष्ट पडतात. पार्मेझान, ग्रुयेर, स्विस यांचंही तेच. "मला दूध पचत नाही, पण दही-ताक चालतं" हे आपल्याकडे घरोघर ऐकू येतं, त्यामागेही हेच जिवाणू आहेत. दह्यात लॅक्टोज बरंच उरतं, पण जिवंत विरजण स्वतःचं विकर बरोबर घेऊन पोटात जातं आणि तिथे हातभार लावतं.

आता दुसरी बाजू पाहा. कपभर दुधात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असतं. अमेरिकेत मिळणारा आटवलेल्या बिनसाखरेच्या दुधाचा, म्हणजे एव्हॅपरेटेड मिल्कचा ३५४ मिलिलिटरचा डबा घेतला, तर त्यात ३५ ग्रॅमच्या आसपास. साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत जवळजवळ निम्मं वजन लॅक्टोजचंच. व्हे पावडर, म्हणजे चीज करताना निघालेलं पाणी वाळवून केलेली भुकटी, तर दोन-तृतीयांशाहून जास्त लॅक्टोजच असते. पाण्याबरोबर गेलेली साखर अशी मागच्या दाराने परत येते. वेल्विटासारखं मऊ प्रक्रिया केलेलं चीज, खोक्यातल्या मॅकरोनीबरोबरची नारिंगी भुकटी, सूपचे डबे, तयार सॉस यांतलं लॅक्टोज असंच आलेलं असतं. कॉटेज चीज, रिकोटा, क्रीम चीज ही ताजी चीजं मुरत नाहीत, त्यामुळे त्यांत तीन टक्क्यांच्या आसपास लॅक्टोज राहतं. लोण्यात नगण्य, साजूक तुपात त्याहून कमी.

दुकानात हे ओळखायची एक खूण आहे आणि ती बाकी सगळ्या माहितीपेक्षा उपयोगाची. साध्या चीजमध्ये लॅक्टोजखेरीज दुसरी साखर नसते. म्हणून पाकिटावरच्या पोषणतक्त्यात साखरेपुढे शून्य असेल तर लॅक्टोज नाममात्र आहे असं समजा. (अमेरिकेत एका वाढणीत अर्ध्या ग्रॅमहून कमी असेल तर शून्य छापायला परवानगी आहे, तेवढी फट लक्षात ठेवा.) भारतात हाच आकडा १०० ग्रॅममागे दिलेला असतो, तो वाचायला आणखी सोपा.

पंगतीचा हिशेब

दक्षिणेतलं भाजलेलं मॅक अँड चीज आठ जणांसाठी करायचं तर साधारण साहित्य असं असतं: ४५० ग्रॅम मॅकरोनी, ४५० ग्रॅम कडक चवीचं चेडर, आटवलेल्या दुधाचा एक डबा, दोन कप दूध, अंडी, आणि मऊपणासाठी वेल्विटाचा पावकिलोभर तुकडा. डब्यातून ३५ ग्रॅम लॅक्टोज, दुधातून २४, वेल्विटातून पंधराच्या आसपास. सगळ्या चेडरमधून मिळून जेमतेम एखादा ग्रॅम, तोही जास्तच धरला. आठ जणांत वाटलं तर माणशी नऊ ग्रॅम, आणि त्यात चेडरचा वाटा इतका थोडा की सोडून दिला तरी चालेल. याच ताटात दुधाच्या ग्रेव्हीचे पाच-सहा ग्रॅम आणि वर बनाना पुडिंग आलं की बाराची रेघ कधीच मागे पडते. मग घरी जाताना शिव्या मात्र चेडरला.

इतिहासही याच बाजूने बोलतो. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या टॉमस जेफरसनच्या घरचा गुलाम स्वयंपाकी जेम्स हेमिंग्ज १७८४ मध्ये त्याच्याबरोबर पॅरिसला गेला, तिथे फ्रेंच स्वयंपाक शिकला आणि १७८९ मध्ये परतल्यावर व्हर्जिनियात आणि फिलाडेल्फियात त्याच्यासाठी रांधत राहिला. मॅकरोनी आणि चीज दक्षिणेतल्या श्रीमंतांच्या टेबलावर स्थिरावलं ते अशाच कृष्णवर्णीय स्वयंपाक्यांच्या हातून. व्हर्जिनियाच्या मेरी रँडॉल्फ यांच्या १८२४ च्या पाककृतींमध्ये मॅकरोनी दूध-पाण्यात उकडून निथळायची, मग चीज-लोण्याचे थर देऊन भाजायची असं आहे. म्हणजे दूध निथळून गेलं, उरलं चीज आणि लोणी. डबाबंद आटवलेलं दूध बाजारात आलं ते १८८५ नंतर, वेल्विटा १९१८ मध्ये घडवलं गेलं, क्राफ्टचं खोक्यातलं मॅकरोनी १९३७ मध्ये. उकाड्याच्या आणि बर्फपेटी नसलेल्या प्रदेशात डब्याचं दूध सोयीचं होतं हे खरं, पण पदार्थातलं लॅक्टोज वाढत गेलं ते या सोयींमुळे. आणि हा पदार्थ ज्यांनी घडवला, त्या पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांमध्ये मोठेपणी लॅक्टेज कमी होणाऱ्यांचं प्रमाण फार जास्त आहे. तेव्हा दूध न पचणाऱ्यांसाठी हा स्वयंपाक बदलणं म्हणजे काही परंपरेवर घाला नव्हे.

मुरलेलं चीज नीट वितळत का नाही

इथे खरी अडचण येते. ज्या चीजमध्ये लॅक्टोज नाही तेच वितळायला नाठाळ असतं. चीज म्हणजे केसीन नावाच्या प्रथिनाचं जाळं. कॅल्शियमने ते बांधलेलं असतं आणि त्यात चरबी आणि पाणी अडकलेलं असतं. कोवळ्या चीजचं जाळं लांब आणि लवचीक, त्यामुळे गरम केलं की ते सैल होऊन वाहतं. वर्षभर मुरलेल्या चेडरमध्ये विकरांनी या जाळ्याचे तुकडे केलेले असतात. चव त्यामुळेच येते, पण आचेवर धरताच चरबी सुटते, वर तेल तरंगतं आणि खाली रवाळ गोळे उरतात. वेल्विटासारख्या चीजमध्ये हे होत नाही, म्हणून तर ते लोकांना आवडतं.

वेल्विटा गुळगुळीत वितळतं ते त्यातल्या लॅक्टोजमुळे मुळीच नाही. ती करामत पायसीकारक क्षारांची, आणि त्यातला सोडियम सायट्रेट आपल्यालाही वापरता येतो. स्वित्झर्लंडमध्ये वाल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी १९११ मध्ये एमेंटल चीजमध्ये तो घालून पाहिला आणि प्रक्रिया केलेल्या चीजचा धंदा तिथून सुरू झाला. सायट्रेट कॅल्शियमला पकडून बाजूला करतो, जाळं सैल होतं, मोकळी झालेली प्रथिनं चरबीच्या थेंबांभोवती बसतात आणि तेल वेगळं होत नाही. प्रमाण असं: पाव लिटर पाणी, १० ग्रॅम सोडियम सायट्रेट, पाऊण पाव ते पावकिलोहून थोडं जास्त, म्हणजे २०० ते २८० ग्रॅम किसलेलं चेडर, जितकं घट्ट हवं तितकं चीज जास्त. पाण्यात क्षार विरघळवून उकळीच्या खाली ठेवायचं आणि चीज मूठ-मूठ घालत घोटायचं. यात दूध नाही, मैदा नाही, लॅक्टोज जवळजवळ नाही, आणि चव निव्वळ चेडरची. टेक्सासकडचं केसो, म्हणजे चिप्सबरोबरचं पातळ चीज, यातच होतं. भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि टोमॅटो घाला की झालं.

सोडियम सायट्रेट मिळाला नाही तर ढोकळ्यासाठी आणलेलं लिंबूसत्त्व आणि खायचा सोडा आहेच. साडेसात ग्रॅम लिंबूसत्त्व आणि सुमारे १० ग्रॅम सोडा थोड्या पाण्यात एकत्र करा, फसफसून शांत होऊ द्या, मग एक उकळी काढा. जे उरलं ते सोडियम सायट्रेटचंच पाणी. वजनकाटा मात्र हवा; अंदाजपंचे केलं आणि सोडा जास्त झाला तर सॉसला साबणासारखी चव येते.

रसायन नको असेल तर जुनीच रीत पाळा. लोण्यात मैदा परतून लॅक्टोजमुक्त दुधात सॉस करा, विस्तवावरून उतरवा, मगच चीज घाला. मैद्यातलं स्टार्च चरबी धरून ठेवतं. चीज घातल्यावर उकळी आली की गेलं. आणि किसलेल्या चीजचं तयार पाकीट घेऊ नका. कीस चिकटू नये म्हणून त्याला लावलेलं पीठ सॉस पिठूळ करतं. अर्धं मुरलेलं चेडर आणि अर्धं कोवळं माँटेरे जॅक किंवा कोल्बी घेतलं तर चव एकाची, ओढ दुसऱ्याची असं जमतं. ही कोवळी चीजंही लॅक्टोजच्या बाबतीत बहुधा सोशीक असतात. पाकिटावरचा आकडा पाहा.

दूध बदलताना

लॅक्टोजमुक्त दूध हे खरं दूधच असतं. त्यात लॅक्टेज घालून साखरेची जोडी आधीच तोडलेली असते. अमेरिकेत लॅक्टेड आणि इतर नावांनी ते कुठल्याही किराणा दुकानात मिळतं, भारतातल्या शहरांत अमूलचं मिळतं. दोन गोष्टी सांभाळा. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज लॅक्टोजपेक्षा गोड लागतात, त्यामुळे हे दूध साध्या दुधाहून गोड असतं. खारट पदार्थात मोहरीची पूड, मिरपूड, लाल तिखट, चार थेंब व्हिनेगर यांनी ती गोडी मोडा. आणि या साध्या साखरा लवकर तांबूस होतात, म्हणून ओव्हनमध्ये वरचा थर नेहमीपेक्षा आधी करपायला लागतो.

वरच्या हिशेबातलं मॅक अँड चीज असं करा. एक लिटर लॅक्टोजमुक्त दूध मंद आचेवर पाऊण लिटरपर्यंत आटवा आणि कोमट होऊ द्या. डब्यातल्या दुधाचा दाटपणा त्यातून येतो. मंद आच अशासाठी की हे दूध तळाशी लवकर लागतं. तीन अंडी फेटून त्यात घाला, मोहरीची पूड, मीठ, मिरपूड, थोडं तिखट. मॅकरोनी दोन मिनिटं आधीच उतरवून निथळा. ४५० ग्रॅम चेडर आणि सव्वाशे ग्रॅम जॅक किसून मॅकरोनीबरोबर थर द्या, वरून दूध ओता, शेवटी मूठभर चीज आणि पॅप्रिका. ३५० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण १७५ अंश सेल्सियसवर ३५ ते ४० मिनिटं. मध्यभाग किंचित हलत असतानाच बाहेर काढा आणि पंधरा मिनिटं हात लावू नका. जास्त भाजलं तर अंड्याचं पाणी सुटतं आणि चीजचं तेल. हा दोष लॅक्टोज असलं तरी येतो, नसलं तरी येतो.

बदामाचं, ओटचं, सोयाचं दूध वापरायला हरकत नाही, पण लॅक्टोजसाठी त्याची गरज नाही. व्हॅनिला घातलेलं बदामाचं दूध चुकून ग्रेव्हीत गेलं तर ती ग्रेव्ही कुत्रंही खाणार नाही. खोबरेल आणि स्टार्चपासून केलेल्या वनस्पती-चीजबद्दल तर माझं मत सरळ आहे: ज्याला खरं चेडर पचतं त्याने त्या वाटेला जाऊ नये.

जे मुळातच चालतं

ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या. चुन्याच्या पाण्यात सोललेल्या मक्याच्या किंवा नुसत्या दळलेल्या वाळक्या मक्याच्या. रोजच्या ग्रिट्स तिकडे पाण्यातच शिजवतात. दूध-क्रीम येतं ते हॉटेलात किंवा पाहुणचारात. एक कप जात्यावर दळलेल्या जाड ग्रिट्सना चार ते पाच कप पाणी, पाऊण तास ते तास मंद आच, मधून मधून ढवळणं. दाणा मऊ झाला की विस्तवावरून उतरवून लोणी आणि शंभर-सव्वाशे ग्रॅम कडक चेडर. दुधाचा थेंब न घालता त्या सायीसारख्या लागतात, कारण मऊपणा मक्यातल्या स्टार्चचा असतो. चार्ल्सटनच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांची न्याहारी म्हणजे कोळंबी आणि ग्रिट्स. उत्तर कॅरोलायनातल्या चॅपल हिल इथल्या क्रूक्स कॉर्नर या हॉटेलात तिथले शेफ बिल नील यांनी त्यात चेडर-पार्मेझान घातलं, आणि मूळचे मिसिसिपीचे खाद्यलेखक क्रेग क्लेबोर्न यांनी १९८५ मध्ये त्यावर न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिल्यावर पदार्थ देशभर गेला. कोळंबीची सालं-डोकी उकळून तेच पाणी ग्रिट्सना वापरा. दुधाची आठवणही येणार नाही.

पिमेंटो चीज हा तर या विषयातला सगळ्यात स्वस्त विजय. किसलेलं चेडर, मेयोनीज, गोडसर लाल मिरची. मेयोनीजमध्ये अंडी आणि तेल असतं, दूध नसतं. पुष्कळांना हे ठाऊकच नसतं. काही जण त्यात क्रीम चीज घालतात, तेवढं वगळा. जॉर्जियातल्या ऑगस्टाला मास्टर्स गोल्फ स्पर्धेत हेच सँडविच दीड डॉलरला विकतात. आपल्याकडे करायचं तर लाल ढोबळी मिरची गॅसवर काळी करून सोलून घ्या.

पांढरी ग्रेव्ही दुधाचीच, ती लॅक्टोजमुक्त दुधात करा. पण दक्षिणेत रेड-आय ग्रेव्हीही आहे: खारवलेलं हॅम तळल्यावर तव्यात उरलेलं तेल आणि त्यात ओतलेली काळी कॉफी. दुधाचा संबंध नाही. टोमॅटो ग्रेव्हीही बहुतेक घरी दुधावाचून होते.

बिस्किटांना आणि कॉर्नब्रेडला बटरमिल्क लागतं. हे ताक घुसळून काढलेलं नसतं, विरजलेलं दूध असतं, त्यामुळे लॅक्टोज बरंच असतं. तरी हिशेब करा: आठ बिस्किटांना पाऊण कप, म्हणजे एका बिस्किटात ग्रॅमभर. बहुतेकांनी याची काळजीच करू नये. ज्यांना करायची आहे त्यांनी कपभर लॅक्टोजमुक्त दुधात मोठा चमचा व्हिनेगर घालून दहा मिनिटं ठेवावं. सोड्याला फुलायला आम्ल हवं असतं, ते मिळतं.

कॅसरोलमध्ये खरा चोर सूपचा डबा. कॅम्पबेलचं मशरूमचं क्रीम सूप १९३४ पासून दक्षिणेतल्या प्रत्येक कॅसरोलमध्ये जाऊन बसलं आहे, आणि अशा डब्यांत क्रीम, व्हे यांपैकी काही ना काही असतं. लोण्यात मशरूम परता, दोन चमचे मैदा, मग दीड कप चिकनचं किंवा भाज्यांचं स्टॉक, दाट झालं की दोन चमचे मेयोनीज. स्क्वॉश आधी मीठ लावून पिळून घेतला तर कॅसरोल पाणीदार होत नाही.

गोडाला पिकान पाय घ्या. त्यात अंडी, साखर, सिरप, लोणी, दूध नाही. बनाना पुडिंगचं कस्टर्ड लॅक्टोजमुक्त दुधात उत्तम होतं, साखर थोडी कमी घाला. रताळ्याच्या पायमध्ये मात्र बहुधा डब्याचं दूध असतं.

दुसऱ्याच्या घरी हे काहीच आपल्या हातात नसतं. तेव्हा लॅक्टेजची गोळी कामाची, पण ती पहिल्या घासाबरोबर घ्यायची. पोट फुगल्यावर घेतली तर लॅक्टोज पुढे निघून गेलेलं असतं. जेवण लांबलं तर पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे दुसरी. लॅक्टेजचे थेंबही मिळतात, ते थंड दुधात घालून चोवीस तास फ्रिजमध्ये ठेवायचे असतात. उकळत्या सॉसमध्ये थेंब टाकले तर उष्णतेने विकर मरतं आणि पैसे वाया जातात.

आणि एवढं करूनही पोट गुडगुडलं, तर ताटात आणखी काय होतं ते आठवून पाहा. दक्षिणेच्या जेवणात चवळी असते, कॉलर्डची भाजी असते, कांदा असतो, आणि तेल-लोणी तर विचारूच नका. वायू करायला त्यांना लॅक्टोजची मदत लागत नाही. एक दिवस चवळी खा आणि चीज सोडा, दुसऱ्या दिवशी उलट करून बघा. मग दोष कोणाचा ते ठरवा.